नोव्हेना म्हणजे नवस नव्हे

मा. संपादक,

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला, लोटणाऱ्या गर्दीत ख्रिस्ती नसलेले मराठी भाविकही पुष्कळ असतात. त्यांचे तिथे स्वागतच आहे. पण १९४८ पासून चालत आलेल्या या उपासनेविषयी ‘सलग नऊ बुधवार केले की काम होतेच’ असा समज पक्का झाला आहे आणि तो ख्रिस्ती घरांतही आहे. त्यात आता ‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, साखळी तोडू नका’ असे व्हॉट्सॲपवरचे निरोप.

नऊ हा आकडा शुभ म्हणून आलेला नाही. येशूचे स्वर्गारोहण त्याच्या पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशी झाले, पवित्र आत्मा पन्नासाव्या दिवशी उतरला. मधले नऊ दिवस शिष्य, काही स्त्रिया आणि येशूची आई मरिया एकचित्ताने प्रार्थना करत होते (प्रेषितांची कृत्ये १:१४). येशूने थांबायला सांगितले म्हणून ते थांबले होते, कोणाचे काम अडले होते म्हणून नव्हे. त्यामुळे आजारपणात एखादा बुधवार चुकला तर नोव्हेना ‘मोडत’ नाही आणि पहिल्यापासून मोजणीही करावी लागत नाही. मनाचा भाव बाजूला ठेवून नुसत्या बाह्य कृतीनेच फळ मिळते असे मानणे ही अंधश्रद्धा आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (परिच्छेद २१११) स्पष्ट म्हटले आहे.

मग प्रार्थना कशासाठी? येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचा क्रम पाहावा (मत्तय ६:९-१३). तीत सात मागण्या आहेत. पहिल्या तिन्ही देवाच्या: त्याचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा. भाकरीचा नंबर चौथा, आणि तीही आजच्यापुरतीच. आपण मात्र पहिल्या तीन ओळी पाठ म्हणून भरभर उरकतो आणि थेट भाकरीशी येऊन थांबतो, वर वर्षभराचे धान्य मागतो. संपूर्ण प्रार्थना म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही, गडबड होते ती इथेच. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथे क्षणभर थांबून ज्या कामासाठी आलो ते मनात आणावे, ते झाले नाही तरी हे वाक्य म्हणता येईल का ते तपासावे, मग पुढे जावे.

क्षमेच्या ओळीची तर आपण सोयीने गाठच घेत नाही. प्रार्थना संपल्यावर येशूने फक्त याच एका मागणीचा खुलासा केला आहे: तुम्ही माफ केले नाही तर तुम्हालाही माफी नाही (६:१४-१५). त्याआधी तर त्याने वेदीपाशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे (५:२३-२४). हातात अर्पण करायचे मेणाचे घर, मागणी फ्लॅटची, आणि वडिलार्जित घरावरून सख्ख्या भावावर कोर्टात दावा! अशा वेळी पहिला बुधवार भावाच्या दारात घालवावा.

मागण्यात गैर काहीच नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही ‘हा (दुःखाचा) प्याला टळो’ असे मागितले, एकदा नव्हे तीनदा. प्याला टळला नाही, पण तो उठला आणि पकडायला आलेल्यांना सामोरा गेला. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारे दुखणे, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, सोसायला कृपा मिळाली (२ करिंथ १२:८-९). नोव्हेनात उपकारस्तुतीची पत्रे वाचली जातात, ती ऐकून हुरूप येतो हे खरे. पण ज्यांचे मागणे पुरे झाले नाही ते पत्र लिहीत नाहीत, आणि ‘आपलीच श्रद्धा कमी पडली’ अशी बोच घेऊन घरी जातात. फादरांनी प्रवचनात अधूनमधून गेथशेमानेचा हा प्रसंग घ्यावा.

साखळीचे निरोप मात्र कोणालाही न पाठवता बिनधास्त पुसून टाकावेत. त्याने कोणाचेही वाईट होत नाही.

– एक वाचक, वसई