धावता धावता पणजीची कला

मा. संपादक,

पावसाळा सरला की मिरामार-दोनापावला रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांची वर्दळ वाढते. बहुतेकांची नजर घड्याळावर असते आणि कान गाण्यांत. ही मंडळी जिथे धावायला सुरुवात करतात, त्याच्या पाठीमागे मळा या जुन्या वस्तीपासून कांपालपर्यंत राजधानीतली सार्वजनिक कला उभी आहे. धावता धावता ती बघता येते. गाइड नको, नोंदणी नको. वळणे घेत मळा ते मिरामार हे अंतर जेमतेम पाच किलोमीटर भरते.

सुरुवात मळ्यातल्या फोंत फेनिक्स झरीपासून करावी आणि पश्चिमेकडे जावे. उलट निघालात तर सकाळच्या उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर येते आणि पुतळ्यांची नुसती काळी आकृती दिसते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मेअखेरीस सहाच्या. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी निघणे उत्तम, तोवर कोरीवकामावर उजेड पडलेला असतो.

फोंताइन्यास आणि सांव तोमेच्या गल्ल्यांत वेग टाकून द्या. घरांच्या भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या नामपट्ट्या हीच इथली पहिली कला. गल्ल्या अरुंद असल्यामुळे घड्याळातले जीपीएस भरकटते, मागाहून नकाशात तुम्ही लोकांच्या माजघरातून धावलेले दिसता. त्या अंतरावर विसंबू नका. पहाटे इथे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा भोंगा सोडला तर शांतता असते. लोकांची घरे आहेत ती, खिडकीखाली उभे राहून आरडाओरड करणे किंवा कुणाच्या सोप्यावर चढून फोटो काढणे बरे नव्हे.

पुढे चर्च चौकातली म्युनिसिपल बाग. तिथल्या खांबावर मुक्तीपूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आज अशोकस्तंभाचे सिंह आहेत. अर्धा मिनिट पुरे. खरा वेळ द्यावा तो जुन्या सचिवालयाशेजारच्या आबे फारियाला. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेल्या या संमोहनतज्ज्ञाचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये घडवला. समोरून फोटो काढून पळू नका, बाजूला जा. पुढे झुकलेला फारिया, पसरलेले तळवे आणि मागे कोसळणारी स्त्री यांच्यामधली मोकळी जागा बाजूनेच दिसते. शिल्पाचा सगळा ताण त्या जागेत आहे. गोव्यातले इतके नाट्यमय शिल्प दुसरे नाही, असे माझे मत.

तिथून आझाद मैदान. मंडपाचे खांब जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन मठाचे. आत गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा असायचा, तो आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. मैदानाला लागूनच इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाची इमारत आहे. तिच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी 1935 मध्ये रंगवलेल्या आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या चित्रफरशा आहेत, विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. अडचण एकच. पहाटे दार बंद असते.

पुढे मार्केटात व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या शैलीतली चित्रे भिंतींवर आहेत. मासळीकडची फरशी कायम ओली, तिथे चालतच जावे. मग कांपालला फ्रांसिस्को लुईस गोमिश बाग आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी. ज्यांचे पाय अजून शिल्लक असतील त्यांनी मिरामारहून आणखी सुमारे चार किलोमीटर दोनापावला गाठावे. जेटीजवळच्या खडकांवर यर्सा फॉन लाइस्टनर यांचे 1969 चे ‘इमेज ऑफ इंडिया’ शिल्प आहे. जेटीची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी. परतायला बस मिळते.

सारखे थांबून धावताना पोटऱ्या आखडतात. म्हणून दर थांब्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये, पुन्हा निघताना पहिली शंभर पावले चालावीत. थांबलात की वेळ मोजणे थांबवणारा घड्याळाचा ‘ऑटो पॉज’ सुरू ठेवा, नाहीतर सरासरी वेग बघून उगाच जीव खट्टू होतो. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ साचते आणि झाडांच्या मुळांनी ते उचकटलेलेही असतात. फुटपाथवर दुचाक्या असल्या तर रस्त्यावर उतरावे लागते. शनिवार-रविवारी पहाटे कॅसिनोंतून परतणारी वाहने मांडवीकाठच्या रस्त्यावर सुसाट असतात. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूनेच धावा.

आता मागणे. 2016 मध्ये सुरू झालेल्या, डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवामुळे शहराला कलाकृती बघायची सवय लागली, ही चांगलीच गोष्ट. पण बारमाही कलाकृतींजवळ कलाकार, वर्ष आणि माध्यम या तीन ओळी तरी वाचता याव्यात. क्यूआर कोडचे स्टिकर लावू नयेत. उन्हाने ते विटतात आणि घामेजलेल्या बोटांनी मोबाइल उघडत नाही. लोखंडी पाटी खाऱ्या हवेत गंजते. मळ्यातल्या गल्ल्यांची नावे ज्या भाजलेल्या फरशीवर टिकली आहेत, त्याच फरशीवर ही माहिती लिहावी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर.

भित्तिचित्रांचे दुखणे वेगळे. चिऱ्याच्या जुन्या भिंतीत ओल असते. वर ॲक्रिलिक रंगाचा थर दिला की ती बाहेर पडू शकत नाही, क्षार रंगाखाली जमतात आणि पापुद्रे सुटतात. फुगलेल्या जागी पुन्हा रंग मारणे म्हणजे पुढच्या पावसात तेच काम नव्याने करणे. आधी छपराची गळती आणि भिंतीच्या पायथ्याशी साचणारे पाणी बंद करावे, भिंत कोरडी होऊ द्यावी, मगच चुन्याचा गिलावा आणि हवा खेळू देणारा रंग वापरावा.

आणि रविवारी सकाळी सहा ते आठ, फक्त दोन तास, आझुलेजोच्या त्या दालनाचे दार उघडे ठेवता आले तर पाहा. एक पहारेकरी पुरेल. बूट बाहेर काढायला सांगितले तरी कुणी ना म्हणणार नाही.

– एक वाचक, सांतिनेज, पणजी