मुक्कामाची उंची छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा मोसम जवळ आला की ‘आपली गाडी, आपलं कुटुंब, चला लडाखला’ अशा धर्तीच्या आखण्या पुरवण्यांमधून छापून येतात. रोजचे किलोमीटर, हॉटेलांचे दर, फोटोला थांबायच्या जागा, सगळे त्यात असते. ज्या गावी रात्री झोपायचे त्याची उंची मात्र बहुधा नसते, आणि लडाखमध्ये माणूस आजारी पडतो तो याच आकड्यामुळे. आपल्या पत्राने यापुढे अशी आखणी छापताना प्रत्येक मुक्कामापुढे त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी, अशी विनंती आहे.

कारण असे. खिंड ओलांडताना माणूस फार उंचावर जातो, पण तासाभरात खाली उतरतो. शरीराची खरी परीक्षा रात्री होते, झोपेत श्वास मंदावतो तेव्हा. म्हणून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. आता सर्रास छापली जाणारी योजना पाहा : पहिली रात्र मनाली, दुसरी सरचू, तिसरी लेह. मनाली साधारण २,०५० मीटरवर, सरचू ४,२९० वर. म्हणजे एका दिवसात मुक्काम सव्वादोन हजार मीटर वर चढला! सरचूला हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ६० टक्के. तंबूत रात्री डोके ठणकते, उलट्या होतात, पोरे रडत राहतात. आणि तिथून कुठेही उतरायचे म्हटले तर आधी खिंड चढावी लागते. मनालीकडे यायला बारालाचा ला (४,८९० मीटर), लेहकडे जायला तांगलांग ला (५,३२८ मीटर). सरचू हा असा सापळा आहे. (‘ला’ म्हणजेच खिंड, तेव्हा ‘खारदुंग ला पास’ म्हणजे पिवळे पीतांबर. त्याच खारदुंग लावरच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते. मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते.)

कुटुंबाने जाताना श्रीनगरकडून जावे आणि मनालीकडून परतावे. श्रीनगर १,५८५ मीटर, सोनमर्ग २,७४०, कारगिल २,६७६, लेह ३,५००. या वाटेवर झोजी ला (३,५२८) आणि फोटू ला (४,१०८) लागतात, पण मुक्काम हळूहळू चढत जातो. सोबत वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील तर कारगिल आणि लेहच्या मध्ये अल्चीला, ३,१०० मीटरच्या आसपास, एक रात्र काढली तर फारच उत्तम. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाल्याने तिथवरचा हिमस्खलनाचा धोका टळला. झोजी लाखालच्या बोगद्याचे काम मात्र अजून चालू आहे, त्यामुळे घाट चढावाच लागतो. तिथे अनेकदा एका वेळी एकाच दिशेची वाहने सोडतात. वाहतूक पोलीस रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची सूचना काढतात. ती वाचल्याशिवाय सोनमर्ग सोडू नये, नाहीतर अर्धा दिवस फाटकापाशी जातो.

लेहला पोचल्यावर दोन रात्री नुसते राहायचे. पहिल्या दिवशी शांतिस्तूपाच्या पायऱ्या नकोत, दारू नको, झोपेची गोळी तर नकोच, कारण ती आधीच मंद झालेला श्वास आणखी मंद करते. मग नुब्रा खोरे. खारदुंग ला ओलांडावा लागत असला तरी तिथली हुंडर-दिस्कित ही मुक्कामाची गावे ३,१०० च्या आसपास, लेहपेक्षा खाली आहेत. खिंडीत दहा-पंधरा मिनिटांच्या वर थांबू नये, तिथल्या चहासाठी रांग असेल तर चहा राहू द्यावा. वेळ असेल तर नुब्रातूनच पुढे तुर्तुकला जावे. १९७१ च्या युद्धात भारताच्या ताब्यात आलेले हे नियंत्रण रेषेजवळचे गाव आणखी खाली आहे आणि जुलैत तिथे जर्दाळू पिकतात. पँगाँग (४,२२५) त्यानंतर, कधीही आधी नाही. तिथे सरोवराकाठी तंबूत राहण्याचा हट्ट लहान मुले सोबत असताना करू नये. दुपारी सरोवर पाहून अलीकडे थोडे खाली असलेल्या तांगत्सेला झोपायला यावे. हानले आणि उमलिंग ला (५,७९८) ही या पहिल्या सहकुटुंब सहलीची ठिकाणे नव्हेत.

आखणी फसते ती एका नेमक्या जागी. महाराष्ट्रातून निघालेल्या गाडीचा श्रीनगरपर्यंतच एखादा दिवस दरड, बंद रस्ता किंवा पंक्चर यात जातो. परतीची रजा ठरलेली असते, हॉटेलांचे पैसे भरलेले असतात. मग गेलेला दिवस कुठून भरून काढायचा? लेहच्या विश्रांतीतून! जो दिवस ‘रिकामा’ दिसतो तोच कापला जातो. म्हणून दोन मोकळे दिवस वेगळे ठेवावेत आणि ते परतीच्या टोकाला नव्हे, लेहच्या आधी धरावेत. पँगाँग वगळावे लागले तरी चालेल, लेहच्या दोन रात्री वगळू नयेत.

औषधांबद्दल. ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) हे उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे औषध प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. मुलांना वजनावर. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्यावी. हा आजार असलेल्याला ही उंची जिवावर बेतू शकते आणि नुसता वाहक असलेल्यालाही कधी कधी प्लीहेचा त्रास होतो. मधुमेह असल्यास इन्सुलिन रात्री गाडीत ठेवू नये. ते गोठले की निकामी होते आणि वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखेच दिसते. मुलांना सर्दी-खोकला असेल तर तो बरा होईपर्यंत वर चढू नये, कारण फुप्फुसात पाणी होण्याचा धोका अशा वेळी वाढतो.

ऑक्सिजनच्या फवाऱ्याच्या डब्यांवर मात्र पैसे घालवू नयेत. अशा डब्यात साधारण सहा ते दहा लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटरने दिला तर पाच मिनिटांत संपला. त्यापेक्षा ४०० लिटर वायू मावणारा छोटा वैद्यकीय सिलिंडर, रेग्युलेटर आणि मास्कसह घ्यावा, तो याच गतीने तीन तासांहून अधिक पुरतो. हे तीन तास ‘बरे वाटतेय का बघू’ म्हणून घालवायचे नसून खाली उतरण्यासाठी असतात. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, सरळ रेषेत चालता न येणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे, यातले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता उतरावे. तान्ह्या मुलाला डोके दुखते हे सांगता येत नाही. ते दूध नाकारते, खेळत नाही, समजूत काढूनही रडत राहते. तेच लक्षण धरावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर जवळ ठेवावे, पण बोट गार असेल तर ते खोटे बोलते. हात चोळून, ऊब आणून मग मोजावे. लेहला पहिल्या दिवशी धडधाकट माणसाचाही आकडा नव्वदीच्या खाली येऊ शकतो, त्याने घाबरू नये. आकड्यापेक्षा माणसाकडे बघावे.

आता गाडी. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे तांगलांग लावर जवळपास निम्मीच उरते. पाच माणसे, भरलेली डिकी आणि छतावर कॅरिअर असलेली छोटी गाडी तिथे पहिल्या गिअरमध्येही रडत चढते आणि चालक हाफ क्लचवर जोर काढू पाहतो. क्लच प्लेट जळते ती अशीच. निम्मे सामान घरी ठेवणे हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय.

कूलंट न तपासता कोणी निघू नये. आपल्याकडे गॅरेजमध्ये ते कमी झाले की साधे पाणी भरतात, आणि सपाटीवर त्याने काही बिघडतही नाही. सप्टेंबरमध्ये सरचूला रात्री तापमान शून्याखाली गेले की तेच पाणी गोठून फुगते आणि रेडिएटर फुटतो. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे हवे. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर बदलावे. ते हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट ४ ऑइल २३० अंशांना उकळते, ओलावा शोषलेले १५५ अंशांना. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवूनच उतरले की ते उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर रोखून धरायची सोय असते, ती घरीच वापरून बघावी.

टायरची एक गंमत आहे. वर चढताना बाहेरचा दाब घटतो, त्यामुळे गेजवर आतली हवा वाढलेली दिसते. लेहला पोचेपर्यंत सुमारे ५ पीएसआय. थंडीने ती जवळजवळ तितकीच कमी होते. दुपारी तापलेल्या टायरवर गेज लावून हवा काढणारे दुसऱ्या दिवशी पहाटे मऊ टायरवर दगडातून जातात आणि टायरची बाजू कापून घेतात. बाजूचा काप पंक्चर किटने बुजत नाही. हवा सकाळी थंड टायरवरच मोजावी. बऱ्याच नव्या गाड्यांना पूर्ण मापाची स्टेपनी नसते, ती असलीच पाहिजे.

इंधनाचा हिशेब सोपा आहे, तरी चुकतो. मनालीकडच्या वाटेवर टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. घाटात गाडी सपाटीच्या दोन तृतीयांश अंतर देते असे धरावे. ३७ लिटरची टाकी आणि लिटरला १० किलोमीटर म्हटले तर ३७० झाले, म्हणजे अगदी काठावर. जादा इंधन पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, वर थोडी जागा ठेवून न्यावे. प्लास्टिकचा कॅन उंचीवर फुगतो आणि वास गाडीत भरतो. डिझेल गाडी सप्टेंबरनंतर नेणाऱ्यांनी लेहला स्थानिक पंपावरच भरावे. तिथे २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल मिळते, सपाटीवरचे त्याआधीच मेणासारखे जमू लागते.

कागदपत्रांचे थोडक्यात. बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, घरात निदान एक पोस्टपेड हवे. नुब्रा, पँगाँगसारख्या सीमेलगतच्या भागांसाठी लेह प्रशासनाच्या पोर्टलवर आधी नोंदणी करून शुल्क भरावे आणि कागदाच्या पाच-सहा छापील प्रती ठेवाव्यात. चौकीवर मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही. भाड्याने घेतलेली बाहेरची गाडी तिथले टॅक्सीवाले पर्यटनस्थळांकडे जाऊ देत नाहीत. गाडी मालकीची आणि नाव घरातल्याचे असावे. ड्रोन घरी ठेवावा. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला सॅटेलाइट फोनही, कारण आपल्याकडे तो परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे.

परतीच्या मनालीच्या वाटेत एक अडचण आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. बारालाचा लाच्या दक्षिणेला झिंगझिंगबारजवळ बर्फाच्या पाण्याचे ओढे रस्ता ओलांडतात. पहाटे घोट्याएवढे असणारे पाणी उन्हाने बर्फ वितळला की दुपारी तिप्पट होते. लेहहून पहाटे निघालेली गाडी तिथे नेमकी दुपारीच पोचते. पाणी अर्ध्या चाकापेक्षा वर असेल तर थांबावे. उतरलेच तर पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता आणि एकसारख्या गतीने जावे. मध्येच इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये, सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे परतीच्या पहिल्या रात्री सरचूला थांबणे. आठ-दहा दिवस ३,००० मीटरच्या वर काढून उंचीची सवय झालेल्या कुटुंबाला तो मुक्काम मानवतो आणि ओढे दुसऱ्या दिवशी सकाळी ओलांडता येतात. फार पहाटेही निघू नये, खिंडीत रात्री गोठलेल्या पाण्याचा काचेसारखा थर असतो. ऊन रस्त्यावर आले की निघावे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सरचूचे बहुतेक तंबू उठलेले असतात, पण तेव्हा ओढेही ओसरलेले असतात. त्या दिवसांत लेहहून पाचला निघून थेट जिस्पा (३,२००) गाठावे.

आपला,
एक नियमित वाचक