२२ मतांचं सरकार आणि तुमची चार ओळींची बातमी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या निवडणुकीची बातमी तुमच्या पेपरात आली होती, आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, चार ओळी, आणि त्यातल्याही दोन ओळी पंजाबी आमदार किती निवडून आले यावर खर्च झालेल्या. मी तेव्हा तिथेच होते. व्हँकुव्हरजवळ सरे म्हणून शहर आहे, तिथे माझी लेक असते, तिच्या बाळंतपणासाठी ऑगस्टमध्ये गेले ती या सोमवारी गोरेगावला परत आले. जेट लॅग काही उतरत नाही, पहाटे तीन वाजता टक्क जाग येते, म्हणून बसून टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. शाळेत शिकवलं म्हणजे इलेक्शन ड्युटी आलीच. पेटीला लाखेचं सील लावण्यापासून ते व्हीव्हीपॅटपर्यंत सगळं हातांखालून गेलंय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सामान जमा करायच्या रांगेत उभी राहिलेय. त्यामुळे कुठेही निवडणूक म्हटली की माझं लक्ष कोण जिंकलं यापेक्षा मोजलं कसं याकडेच जातं, ही खोड आता जायची नाही.

आधी पक्षांची भानगड सांगते, ऐकून तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. तिथे २००१ पासून २०१७ पर्यंत सोळा वर्षं बीसी लिबरल नावाच्या पक्षाचं राज्य होतं. मग सत्ता गेली, आणि गेल्या वर्षी त्यांनी नाव बदलून बीसी युनायटेड केलं. त्यांचे नेते केव्हिन फाल्कन. त्यांच्याच पक्षात जॉन रुस्टॅड म्हणून आमदार होते, त्यांनी हवामान बदलावर शंका घेणारी एक पोस्ट शेअर केली म्हणून फाल्कननी त्यांना २०२२ मध्ये पक्षातून काढलं, आणि काढलं तेही नेमकं रुस्टॅडच्या वाढदिवशी. रुस्टॅड गेले कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात, ज्याला २०२०च्या निवडणुकीत दोन टक्केसुद्धा मतं नव्हती, सीट शून्य. पुढे काय झालं तर दीड-दोन वर्षांत वारं असं फिरलं की या २८ ऑगस्टला, मतदानाला दोन महिनेही उरले नव्हते, फाल्कननी स्वतःच्या पक्षाचा प्रचार बंद करून टाकला आणि आमच्या लोकांनी आता कॉन्झर्व्हेटिव्हच्या मागे उभं राहावं असं सांगितलं. म्हणजे ज्याला घराबाहेर काढला त्याच्याच दारात आख्खं बिऱ्हाड! जे उमेदवार वर्षभर घरोघरी फिरत होते ते एका दिवसात उघड्यावर, काहींना तिकडे घेतलं, काही अपक्ष उभे राहिले. मी तेव्हा नुकतीच पोचले होते, टीव्हीवर हे बघून जावयांना म्हटलं अहो मी मुंबईहून निघाले तरी का मग.

समोर होती एनडीपी म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, डावीकडे झुकणारा पक्ष, २०१७ पासून सत्तेवर. प्रीमियर डेव्हिड एबी, प्रीमियर म्हणजे आपला मुख्यमंत्री. गेल्या वेळी त्यांच्याकडे ८७ पैकी ५७ सीट होत्या, या वेळी एकूण सीट वाढवून ९३ केल्या, बहुमताला ४७ हवे.

आता त्या पंजाबी अँगलबद्दल. १४ ऑक्टोबरला भारत आणि कॅनडा दोघांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी हाकलले, तेव्हा इथून नातेवाइकांचे फोनवर फोन, तुम्ही ठीक आहात ना, बाहेर पडू नका. खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जरचा खून झाला तो गुरुद्वारा सरेमध्येच आहे हे खरं, त्यामुळे काळजी मी समजू शकते. पण निवडणुकीत लोक बोलत होते ते घरभाड्याबद्दल, फॅमिली डॉक्टर मिळत नाही त्याबद्दल, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत बसावं लागणाऱ्या तासांबद्दल, आणि ड्रग्जबद्दल. एबी सरकारने थोडे ड्रग्ज जवळ बाळगले तर गुन्हा नाही असा प्रयोग २०२३ मध्ये सुरू केला होता आणि लोक फारच चिडले म्हणून यंदा मे महिन्यात सार्वजनिक ठिकाणांपुरता मागे घेतला. शेजारच्या पंजाबी आजी माझ्याबरोबर बाबागाडी घेऊन फिरायला यायच्या, त्यांच्या घरात मुलगा एका पक्षाचा आणि सून दुसऱ्या पक्षाची, भांडण कशावरून तर इंधनावरच्या कार्बन टॅक्सवरून. आणि तुमच्या त्या दोन ओळींचं म्हणाल तर सरेतल्या दहापैकी सहा सीट कॉन्झर्व्हेटिव्हनी घेतल्या, चार एनडीपीने, आणि एनडीपीच्या शिक्षणमंत्री रचना सिंग तिथेच पडल्या. सगळे पंजाबी एका बाजूला असं काही नसतं हो.

मतदान १९ ऑक्टोबरला, शनिवारी. पण त्याआधी सहा दिवस आगाऊ मतदान असतं, कुणीही जाऊन करावं, कारण विचारत नाहीत. आमच्या जावयांनी दसऱ्याच्या दिवशी केलं, मी म्हटलं झालं तुमचं सीमोल्लंघन. लेकीला मत नाही, ती पीआर म्हणजे कायमची रहिवासी आहे, सिटिझन नाही. मी बाळाला घेऊन दारापाशी थांबले आणि जेवढं दिसलं तेवढं बघून घेतलं. बोटाला शाई नाही. प्रांतातल्या कुठल्याही केंद्रावर जाऊन मत देता येतं, नाव यादीत नसेल तर तिथल्या तिथे नोंदवून घेतात, हे ऐकून माझ्यातली केंद्राध्यक्ष गारच पडली! आमच्याकडे बाई तुमचं नाव शेजारच्या खोलीतल्या यादीत आहे एवढं सांगितलं तरी अर्धा तास भांडण. मतपत्रिका कागदाची, नावापुढचा गोल पेनाने काळा करायचा, आणि मग तो कागद एका मशीनमध्ये सरकवायचा, ते मशीन मोजतं आणि कागद खाली पेटीत पडतो. म्हणजे आकडा मशीनचा पण पुरावा कागदाचा. या प्रांतीय सार्वत्रिक निवडणुकीत ही मशीनं पहिल्यांदाच जवळजवळ सगळीकडे वापरली. आगाऊ मतदान दहा लाखांवर गेलं, तेही रेकॉर्डच.

आणि ते केलं म्हणून बरं, कारण १९ तारखेला जो पाऊस लागला तो २६ जुलैची आठवण यावी असा नाही म्हणणार मी, पण तिथल्या मानाने भयंकर. रस्त्यांवर पाणी, कोक्विटलममध्ये दरड कोसळली, काही ठिकाणी वीज गेली आणि केंद्रं बंद ठेवावी लागली. तरी एकूण मतदान ५८ टक्क्यांच्या पुढे गेलं.

रात्री आठला मतदान संपलं आणि तासा-दोन तासांत बरेचसे आकडे आले. एनडीपी ४६, कॉन्झर्व्हेटिव्ह ४५, ग्रीन पक्ष २. म्हणजे कुणालाच बहुमत नाही. ग्रीनच्या नेत्या सोनिया फर्स्टनाऊ तर स्वतःच पडल्या होत्या, पण त्यांच्या दोन आमदारांना एकदम सोन्याचा भाव. मी लेकीला म्हटलं आता बघ, उद्या सकाळी हे दोघे कुठल्यातरी हॉटेलवर सापडतील. कुणी कुठे गेलं नाही. सगळा प्रांत नऊ दिवस वाट बघत बसला, मी एकटीच हैराण, दर तासाला मोबाइल उघडून बघायचे आणि जावई हसायचे, आई अहो सोमवारी कळेल म्हणायचे.

वाट कशाची, तर पोस्टाने उशिरा आलेल्या आणि काही खास व्यवस्थेतून दिलेल्या मतांची. ती लगेच मोजत नाहीत, एकाच माणसाने दोनदा तर दिलं नाही ना हे आधी तपासतात, मग मोजतात. शिवाय जिथे फरक अगदी कमी होता अशा दोन मतदारसंघांत सगळे कागद हाताने पुन्हा मोजले. व्हँकुव्हर बेटावरच्या हुआन दे फुका–मलाहाटमध्ये मशीनने सांगितलेला फरक हाताने मोजल्यावर दोन-तीन मतांनीच हलला. मशीनवर विश्वास ठेवा असं भाषण कुणी दिलं नाही, कागद काढले आणि मोजले.

आमच्या घराच्या पलीकडचा मतदारसंघ सरे–गिल्डफर्ड. तिथे पहिल्या रात्री कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार शंभरएक मतांनी पुढे. पोस्टाची मतं मोजता मोजता फरक उतरत उतरत बारावर आला, आणि २८ तारखेला, आपली वसुबारस होती त्या दिवशी, एनडीपीचे गॅरी बेग २७ मतांनी पुढे गेले. त्या एका सीटने एनडीपी ४६ वरून ४७, कॉन्झर्व्हेटिव्ह ४४. सरकार आलं! लेकीच्या आणि त्या मतदारसंघाच्या मध्ये चार रस्ते, नाहीतर जावयांचं मत त्या २७ मध्ये धरून मी आयुष्यभर सांगितलं असतं.

पण इथेही संपत नाही. फरक एकूण मतांच्या पाचशेव्या हिश्शापेक्षा कमी असेल तर फेरमोजणी आपोआप कोर्टाकडे जाते, कुणी अर्ज करायला नको, कुणाला वकील लावायला नको. ८ नोव्हेंबरला, मी बॅगा भरत होते तेव्हा, तिथला आकडा आला, २७ चे २२ झाले होते. केलोना सेंटरमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार अशाच फेरमोजणीत ४० मतांनी जिंकल्या. म्हणजे एकवीस लाख लोकांनी मतं दिली, एनडीपीला ४४.९ टक्के, कॉन्झर्व्हेटिव्हना ४३.३, आणि बहुमत अडलं होतं बावीस माणसांवर.

आता सगळं गुळगुळीत झालं असं समजू नका. ५ नोव्हेंबरला तिथले मुख्य निवडणूक अधिकारी अँटन बोगमन कॅमेऱ्यासमोर आले आणि सांगितलं की प्रिन्स जॉर्ज–मॅकेंझी मतदारसंघातली एक पेटी मोजायचीच राहून गेली, तिच्यात ८६१ मतं. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे हे झालं असतं तर केंद्राध्यक्ष सस्पेंड, आणि पेटीभोवती कॅमेरे! आणि नुसतं तेवढंच नाही, त्याच सरे–गिल्डफर्डमधली १४ मतंसुद्धा आकड्यात धरायची राहिली होती, जिथे फरकच २७ चा. निकाल कुठला बदलला नाही पण रुस्टॅड भडकले, स्वतंत्र चौकशी हवी म्हणाले, आणि ते काही चुकीचं नव्हतं. मला विचाराल तर चूक गंभीरच. ड्युटीवरचे लोक चौदा तासांवर काम करून थकतात आणि त्यात असा पाऊस, हे मला कुणी समजावायला नको, तरी पेटी ती पेटी. पण ही चूक बाहेर काढली कुणी? निवडणूकवाल्यांनीच. कुणाचा व्हिडिओ व्हायरल झाला नव्हता, कुणी मोर्चा आणला नव्हता. आपण होऊन सांगितलं, आकडे दिले, दिलगिरी व्यक्त केली.

मला हे का लागलं ते सांगते. मी गोरेगावची, म्हणजे मुंबई उत्तर-पश्चिम. जूनमध्ये आमच्याकडे लोकसभेला ४८ मतांनी निकाल लागला, रवींद्र वायकर जिंकले, अमोल कीर्तिकर हरले, प्रकरण हायकोर्टात गेलं. कोण बरोबर ते बघणं कोर्टाचं काम, मला त्यात पडायचं नाही. पण त्या रात्री कुठल्या फेरीत काय झालं, बाद मतं कुठली, का बाद, हे आमच्या सोसायटीत कुणालाच कळेना, ज्याला जो व्हॉट्सॅप आला तो त्याने खरा धरला. मी ड्युटी केलेली म्हणून सगळे माझ्याकडे यायचे, बाई तुम्ही सांगा, आणि मला टीव्हीवर दिसलं तेवढंच माहीत. साडेनऊ लाखांच्या मतदानात ४८ मतं म्हणजे काय असतं हे जो पेटीजवळ बसलाय त्यालाच कळतं. म्हणून म्हणते की तिकडच्या बातमीत छापण्यासारखं होतं ते मोजणीचं, आणि तुम्ही छापलंत आडनावांचं.

एक राहिलंच. ४७ ला तरी सुख आहे का, तर नाही. विधानसभेचा अध्यक्ष आपल्यातला केला की सभागृहात उरतात ४६ विरुद्ध ४६, बरोबरी झाली की अध्यक्षाने मत द्यायचं. एक आमदार सर्दी-तापाने घरी बसला तर सरकारला घाम. तिथे हे नवीन नाही, २०१७ मध्ये लिबरल ४३, एनडीपी ४१, ग्रीन ३ असं झालं होतं. क्रिस्टी क्लार्क प्रीमियर होत्या, त्या विश्वासाच्या ठरावावर ४४ विरुद्ध ४२ ने हरल्या, राज्यपालांकडे जाऊन म्हणाल्या निवडणूक घ्या, आणि राज्यपाल ज्युडिथ गिशाँ बाईंनी नकार देऊन सरळ एनडीपीच्या जॉन हॉर्गन यांना बोलावलं. दिवसाढवळ्या बोलावलं, पहाटे नाही. ते हॉर्गन परवा १२ तारखेला गेले. लेकीचा मेसेज आला, बाळाच्या फोटोखाली ही बातमी.

असो, फार लांबलं. काटछाट करायची तर पक्षांच्या भानगडीतलं करा, मोजणीचं कापू नका. आणि बुधवारी २० तारखेला आपलं विधानसभेचं मतदान आहे, माझी स्लिप अजून आलेली नाही, सोसायटीत निम्म्या लोकांची नाही आली. केंद्र या वेळी कुठल्या शाळेत ते कुठे बघायचं, एवढं तरी रविवारच्या अंकात मोठ्या अक्षरात छापा, आमच्या मजल्यावर सगळे चष्मेवाले आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गोरेगाव
१४ नोव्हेंबर २०२४