पाव इंची बुचाबद्दल आभार

मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त बोलायला वापरता, त्यामुळे हे तुम्हाला तुमची नातच वाचून दाखवील. चारचौघांत लिहितोय, कारण आपल्या बंदरात माझ्यासारखे, गळतीवर टेप गुंडाळत बसणारे टेपवाले बरेच आहेत.

गेल्या वर्षी 1 जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली, बोट वर घेतली आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरमधलं खारं पाणी काढायला मी पाना घेऊन आत उतरलो. तळाचं बूच काही हलेना. हलणार कसं? मीच त्यावर बाहेरून इपॉक्सीची लांबी (पुट्टी) थापली होती! जानेवारीपासून ते बूच ठिबकत होतं. आधी टेफ्लॉन टेप लावली, मग जास्त टेप, मग टेपवर सफेदा आणि सुतळी, शेवटी लांबी. ठिबकणं थांबलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आता पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, आणि खारं पाणी पावसाळाभर कूलरमध्ये ठेवायचं म्हणजे पुढच्या हंगामाला नव्या कूलरचे पैसे तयार ठेवायचे.

मी पान्याला पाइप लावून जोर करणार, तेवढ्यात तुम्ही शेजारच्या बोटीवरून ओरडलात. तो ओरडा बसला नसता तर कूलरचं टोपण तडकलंच असतं. टेफ्लॉन निसरडं असतं, त्यामुळे बूच गरजेपेक्षा जास्त आवळलं जातं आणि आपल्या हाताला ते कळत नाही, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी चार शिव्या दिल्यात, त्या योग्यच होत्या.

लांबी गरम करून तुम्ही ती टोकरून काढलीत, बूच सोडवलंत आणि म्हणालात, "टेप किती गुंडाळलंस ता नको सांगू. आटे किती, ता सांग."

मला काय माहीत! तुम्ही खिशातून आटे मोजायची फणी काढून आट्यांवर धरलीत. माझं बूच इंचाला 19 आट्यांचं, इंग्लिश मापाचं. कूलर जुन्या अमेरिकी इंजिनाचा, त्याचं भोक 18 आट्यांचं. आट्यांचा कोनही वेगळा, एक 55 अंशांचा, दुसरा 60. दोन-चार फेरे गोडीने बसतं, मग अडकतं, आणि माणसाला वाटतं की घट्ट झालं. मूळचं बूच मीच फेकलं होतं, कारण ते गुलाबी पडून कुरकुरीत झालं होतं. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्याने ओढून घेतलं की उरलेलं तांबं असं दिसतं, हेही तेव्हाच कळलं. त्याच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातून "पाव इंची द्या" म्हणून जे मिळालं ते आणलं. म्हणजे चार महिने मी चुकीच्या बुचाला औषधपाणी करत होतो.

तुम्ही गनमेटलचं (तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचं) बूच लेथवर काढून दिलंत. आधी कोरडंच हाताने बसवून पाहिलंत. मग बाहेर काढून त्याला आट्यांतली गळती बंद करणारी पांढरी पेस्ट लावलीत, पुढचे दोन आटे मोकळे सोडून, म्हणजे आत काही तुटून पाण्याच्या वाटेत अडकायला नको. पेस्ट हवा लागते तोवर ओली राहते आणि धातूच्या मध्ये कोंडली की घट्ट होते, ही गोष्ट मला अजून उलटी वाटते. पान्याने दीड फेरा, बस्स. रात्रभर हात लावायचा नाही.

हुरूप येऊन मी तीच पेस्ट ऑइल चेंबरच्या बुचाला लावायला निघालो तर तुम्ही माझा हात धरलात. "ह्यो आटो सरळ आसा, तो निमुळतो." निमुळता आटा आट्यांतच पाणी अडवतो, त्याला पेस्ट लागते. सरळ आट्याचं बूच वायसरवर बसतं, तिथे आट्याला काही लावायचं नाही. तांब्याचा जुना वायसर तुम्ही लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाकलात, तो मऊ झाला आणि पुन्हा बसला. मी नवा आणायला सायकल काढली होती.

आणि ती जस्ताची पेन्सिल, म्हणजे कूलरच्या धातूऐवजी स्वतः झिजायला आत बसवलेली कांडी. ती मी अभिमानाने दाखवली होती, बघा, वर्षभरात जराही झिजली नाही. तिच्या टोपीच्या आट्यांवर माझी जाडजूड टेप पाहून तुम्ही क्षणभर गप्प झालात. टेपमुळे जस्ताचा कूलरच्या धातूशी संबंधच तुटला होता. "जस्त उरला म्हणजे कूलर खाल्लो," एवढंच बोललात. टोपण उघडल्यावर आतली नक्षी मीही पाहिली.

यंदा 1 जूनला बूच छोट्या पान्यानेच सुटलं. पाणी बादलीत आलं, मी गोड्या पाण्याने कूलर दोनदा धुतला. जस्ताची पेन्सिल निम्मी झालीय, नवी आणून ठेवली आहे, टेपशिवाय बसवणार. तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि नंतर पाठवलेली सुरमई तुम्ही "मी घेतली" म्हणालात तरी ती तुमच्या शेजाऱ्यांनीच घेतली, हे मला कळलंय. त्याची भरपाई वेगळी करीन.

तुमची ती फणी अजून माझ्याच टूलबॉक्समध्ये आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी आणून देतो, तोवर शेजारच्या दोन बोटींची बुचं मोजून घेतो.

तुमचा,
टेपवाला