भुसा पाठवतोय, वास घेऊन बघ

ओस्लो, 9 फेब्रुवारी

प्रिय दत्ता,

तुझं पत्र मिळालं. आबांच्या गुडघ्याचं वाचून जिवाला घोर लागून राहिलाय, पुढच्या पत्रात नीट कळव.

परवा मी स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, घेतल्या आणि तिथल्या तिथे तुझा कारखाना आठवला. बूट अडकवायची पकड, म्हणजे बाइंडिंग, बसवायला दुकानदाराने स्कीत भोक पाडलं. वरचा चकचकीत थर फुटला आणि ड्रिलभोवती गुंडाळत पिवळसर भुसा वर आला. लाकूड! मी आजवर ही सगळी प्लास्टिकची कमाल समजत होतो.

आत अखंड फळी नसते रे. पॉपलर आणि अ‍ॅश या झाडांच्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या. पॉपलर हलकं, अ‍ॅश चिवट. पावसाळ्यात पीळ पडू नये म्हणून आबा दाराच्या फळ्या जोडताना लाकडाच्या रेषा उलटसुलट घ्यायचे ना, तोच विचार. वरखाली फायबरग्लास, कडेला पोलाद. स्वस्त स्कीत फोम ओततात. त्या लवकर मलूल होतात.

स्की जमिनीवर ठेवली की ती मधोमध किंचित उचललेली राहते. आपण उभं राहिलो की दबते, भार हलका केला की उसळते. आणि तिला कंबर आहे! दोन्ही टोकांना रुंद, पायाखाली बारीक. कडेवर कलती करून दाबली की वाकते आणि त्या वाकण्याच्या वळणाने आपोआप वळते. या कमरेचं श्रेय इथे सोंद्रे नॉर्हेइमला देतात. नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या मोर्गेदालचा हा गरीब कूळ, जन्म 1825 चा. झाडाच्या मुळ्या पिळून त्या मुळ्यांनी टाच बांधायचा, म्हणून उडी मारली तरी स्की पायातून निसटत नसे. 1868 साली ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, चाळिशी उलटलेल्या या माणसाने स्पर्धा गाजवली. स्लालम (खांबांमधून नागमोडी उतरायची स्कीची शर्यत) हा शब्दसुद्धा नॉर्वेजियनच: ‘स्ला’ म्हणजे उतार, ‘लोम’ म्हणजे बर्फात उमटलेली वाट.

रविवारी हेमसेदालला, इथल्या स्कीच्या डोंगरउतारांवर, गेलो होतो. सकाळी यंत्राने दाबलेला बर्फ फरशीसारखा कडक होता, तिथे कडा घट्ट धरून राहिल्या. दुपारी बाजूच्या भुसभुशीत बर्फात शिरलो, तर त्याच स्की वर तरंगल्या. पायाखाली जेमतेम 90 मिलिमीटर रुंदी, पण दोन्हीकडे चालते. खडबडीत जागी फोमची स्की दात वाजवते. हिच्यात तो हादरा लाकूडच गिळून टाकतं. पोटऱ्यांना कळतं ते.

दुकानातला चिमूटभर भुसा कागदात बांधून सोबत पाठवतोय. आबांच्या हातावर ठेव. पॉपलर कुठलं आणि अ‍ॅश कुठलं, ते त्यांना नुसत्या वासावरून ओळखता येतंय का ते मला कळव.

तुझा,
मन्या