तुझ्या रूमजवळचा गरुड

चि. समीर,

लंडनला नॉर्थोल्टकडं रूम मिळाली हे बरं झालं. फोनवर म्हणालास, इंजिनिअर होऊन वीकेंडला हॉटेलात भांडी घासतोय, आईला सांगू नका. नाही सांगत बाबा.

पण तिथं ए-40 रोडला पोलिश वॉर मेमोरियल आहे, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडकडून लढलेल्या पोलंडच्या पायलटांचं स्मारक, उंच खांबावर गरुड, तू बसमधून रोज बघत असशील. आपण कापड घ्यायला कोल्हापूरजवळ गांधीनगरला जातो ना, तिथंच वळिवड्याला 1943 ते 48 पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका न पोरं. त्यांच्याबद्दल वाचता वाचता मी या पायलट लोकांपर्यंत पोचलो, आता रात्री झोप येत नाही तेवढं वाचतोय.

1939 ला देश गेला तेव्हा ही पोरं रोमानियातून फ्रान्सला, फ्रान्स पडल्यावर इंग्लंडला. शेवटच्या आशेचं बेट म्हणायची त्याला. इंग्लिश येत नव्हतं, विमानातले आकडे मैलात, आणि पोलंडची जुनी विमानं चाकं आत न घेणारी, त्यामुळं नव्या विमानात काहीजण चाकं खाली सोडायलाच विसरायचे न पोटावर उतरायचे! तरी नॉर्थोल्टच्या 303 स्क्वाड्रननं (या पोलिश पायलटांच्या तुकडीनं) 1940 मध्ये एकटीनं 126 विमानं पाडल्याचा दावा आहे (असले आकडे जरा फुगलेलेच असतात, पण तरीही).

मला आवडला तो फ्रान्सिशेक कोर्नित्स्की. 1916 चा, शेतकऱ्याचा पोरगा. सव्विसाव्या वर्षीच, 1943 ला, स्पिटफायर या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनचा प्रमुख. आणि मग लढाई जिंकली पण गाव काही मिळालं नाही, पोलंड स्टालिनच्या ताब्यात गेलं, आणि ज्या सरकारसाठी हे लढले त्या लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता ब्रिटननं जुलै 1945 मध्ये काढून घेतली. 1946 च्या लंडनमधल्या विजय परेडला 25 पोलिश पायलटांना बोलावलं होतं, पण आमच्या बाकीच्यांना नाही तर आम्हीपण नाही म्हणून ते गेले नाहीत. मला हे वाचून लय राग आला.

परत जावं म्हटलं तर स्काल्स्कीचं काय झालं बघ. एवढा मोठा पायलट, 1947 ला मायदेशी गेला, पुढच्या वर्षी अटक, फाशीची शिक्षा सुनावली, मग ती कमी केली, सुटला 1956 ला. कोर्नित्स्की तिकडंच राहिला. हॉटेल लाईनीत शिरला, पुढं आरएएफमध्येच (ब्रिटनच्या हवाई दलात) पण जेवणाखाण्याच्या खात्यात, तिथंच रिटायर झाला. 2017 मध्ये लोकांच्या मतानं सगळ्यात आवडता स्पिटफायर पायलट निवडला गेला तेव्हा हा गडी शंभर वर्षांचा होता, त्याच साली गेला.

तुला वाटेल तेव्हा तिकीट काढून घरी येता येतं, एवढं मात्र आहे.

रविवारी सुट्टी असेल तर जाऊन ये आणि फोटो पाठव, नुसत्या गरुडाचा नको, खालची नावं वाचता आली पाहिजेत. स्वेटर कुरियर केलाय. आणि भांड्यांचं आईला मी बोललो नाही, पण हँडक्रीम तिनंच पार्सलात घातलीय.

तुझे पप्पा