कटर चालवणाऱ्या सभासदांसाठी सूचना

मंडळी, जुळे सोलापूर असो की होटगी रोड, ग्रॅनाइट आणि टाइल्स कोरड्या कापणं आता बंद करा. त्या धुळीत सिलिका असते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. तोंडाला बांधलेला टॉवेल, अगदी आपला सोलापुरी असला तरी, ही धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क लावा, पाणी सोडत कापा. मात्र मशीन ओल्या कामाचंच हवं आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवा.

गार्ड (चकतीवरचं संरक्षक कव्हर) काढून मोठी चकती बसवण्याची हुशारी तर नकोच. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. मोठी चकती त्या वेगाला फुटू शकते. चकतीवरचा आरपीएम (मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे चालतील तो आकडा) वाचा. चष्मा घाला, गळ्यात गमछा नको. गार्ड हरवलेल्यांनी ग्रुपवर कळवा, एकत्र मागवू.